बेचाळिशीतला हुकमी एक्का

२३ जुलै २०२५ रोजी अटलांटात सॅन फ्रान्सिस्को जायंट्स ९-३ असे जिंकले आणि जस्टिन व्हरलँडरच्या खात्यावर त्या मोसमातला पहिला विजय लागला. त्याआधीच्या १६ सामन्यांत त्याचा हिशेब होता शून्य विजय आणि आठ पराभव. वय ४२. बेसबॉलमधल्या सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार या माणसाने तीनदा मिळवलाय. तो मोसम संपला तेव्हा त्याने कारकिर्दीत ३,५५३ वेळा बॅटरना स्ट्राइकआउट केलं होतं, म्हणजे चेंडू मैदानात जाऊ न देता परत पाठवलं होतं. जायंट्सने त्याला एका वर्षासाठी दीड कोटी डॉलर मोजले. वर्षभरात त्याने अडीच हजारांच्या आसपास चेंडू टाकले असं धरलं, तर एका चेंडूचे सहा हजार डॉलर झाले. आपल्या पैशात पाच लाख रुपये, आणि चेंडू स्ट्राइक झोनच्या बाहेर गेला तरी तेवढेच.

त्यामुळे ‘हा अजून हुकमी एक्का आहे का?’ हा प्रश्न नुसता कट्ट्यावरचा नाही. कुणीतरी त्यावर चेक फाडतं. बेसबॉलइतके आकडे दुसऱ्या कुठल्या खेळात निघत असतील असं मला वाटत नाही. मोसमात २,४३० सामने, त्यांत सात लाखांहून जास्त चेंडू, आणि २०२० पासून प्रत्येक मैदानावर हॉक-आयचे १२ कॅमेरे. तोच हॉक-आय, जो आपण एलबीडब्ल्यूच्या रिव्ह्यूत बघतो. चेंडू किती वेगाने सुटला, किती फिरला, किती इंच वळला, सगळं नोंदवलं जातं. एवढं असूनही वरच्या प्रश्नाचं उत्तर वेळेवर मिळत नाही. का मिळत नाही, तीच यातली खरी गंमत आहे.

सगळ्यात जुना आकडा जय-पराजयाचा, आणि माझ्या मते सगळ्यात निरुपयोगी. सामना सुरू करणाऱ्या पिचरने किमान पाच इनिंग टाकायच्या, तो मैदान सोडताना संघ पुढे असायला हवा आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकायला हवी, तेव्हा कुठे विजय त्याच्या नावावर लागतो. स्वतःच्या संघाने किती रन काढायच्या हे त्याच्या हातात नाही. त्याच्यानंतर येणारे पिचर काय दिवे लावतील, तेही नाही. याचं सगळ्यात अचाट उदाहरण १९८७ सालच्या नोलन रायनचं. वय ४०, संघ ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज, विजय ८ आणि पराभव १६. एवढंच वाचलं तर माणसाला निरोपाचा नारळ द्यावासा वाटेल. पण त्याच वर्षी त्याच्या लीगमध्ये नऊ इनिंगमागे सगळ्यात कमी रन देणारा पिचर तोच होता (२.७६), आणि सगळ्यात जास्त स्ट्राइकआउटही त्याचेच होते (२७०). अख्ख्या नॅशनल लीगमध्ये त्याच्यापेक्षा कंजूष कुणी नव्हतं, तरी पराभव विजयाच्या दुप्पट. पुढच्या वर्षानंतर मालकाने पगार कमी करून घ्यायला सांगितलं, तेव्हा रायन उठून टेक्सास रेंजर्सकडे गेला. तिथे ४२व्या वर्षी त्याने एका मोसमात ३०१ स्ट्राइकआउट काढले, आणि ४३व्या व ४४व्या वर्षी एकेक नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट दिली नाही. पगार कापायला निघालेल्या मालकाने पुढची पाच वर्षं पेपर कसे वाचले असतील, देव जाणे.

म्हणून आता लोक नऊ इनिंगमागे दिलेल्या रन बघतात. याला ईआरए म्हणतात. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या रन त्यात धरत नाहीत. व्हरलँडरचा ईआरए २०२२ मध्ये १.७५ होता, २०२४ मध्ये ५.४८ आणि २०२५ मध्ये ३.८५. शेअर बाजाराच्या आलेखासारखं वर-खाली दिसतं. पण हा आकडा उघडून आत काय आहे ते बघू.

२०२५ मध्ये त्याने १५२ इनिंग टाकल्या आणि ६५ रन दिल्या. त्याने टाकलेले साधारण साडेचारशे चेंडू बॅटला लागून मैदानात पडले. कुठल्याही पिचरचे असे शंभर चेंडू घेतले, तर त्यांतल्या तिसाच्या आसपास हिट होतात आणि उरलेल्या सत्तरवर बॅटर बाद होतो. २००१ मध्ये व्होरोस मॅक्रॅकन नावाच्या हौशी अभ्यासकाने एक दावा केला आणि सगळे जाणकार खवळले. त्याचं म्हणणं, चेंडू एकदा बॅटला लागला की तो हिट होणार की बाद, यावर पिचरचा ताबा जवळजवळ नसतो. चेंडू क्षेत्ररक्षकाच्या दोन हात डावीकडे गेला की दोन हात उजवीकडे, हे बऱ्याच अंशी नशिबावर. पुढे दावा थोडा सौम्य करावा लागला, पण गाभा टिकला.

आता नाणं उडवण्याचं साधं गणित लावा. साडेचारशे चेंडू आणि प्रत्येकी ३० टक्के शक्यता, तर केवळ योगायोगाने हिट १३५ ऐवजी १२५ किंवा १४५ होणं ही रोजची गोष्ट आहे. तीनातल्या एका वर्षी तर फरक याहूनही मोठा पडेल. दहा हिट म्हणजे २९ सामन्यांत, दर तीन सामन्यांमागे एक. बॅटर बाद होण्याऐवजी हिट झाली, तर सरासरी पाऊण रन वाढते. दहा हिटच्या साडेसात रन झाल्या. १५२ इनिंगमध्ये साडेसात रन म्हणजे ईआरएत ०.४४ चा फरक. तोच खांदा, तोच चेंडू, तेच डोकं, फक्त दहा चेंडू इकडचे तिकडे पडले; तर व्हरलँडरचा ३.८५ हा ३.४ झाला असता किंवा ४.३. ३.४ ला लोक म्हणतात, म्हातारा अजून खणखणीत आहे. ४.३ ला म्हणतात, आता नातवंडं खेळवा.

मग नशीब बाजूला काढायला किती चेंडू लागतील? आकडेमोड करणाऱ्यांचा अंदाज आहे की मैदानात पडलेले दोनेक हजार चेंडू हाताशी असतील, तर त्यात पिचरचा स्वतःचा वाटा नशिबाइतका दिसू लागतो. दोन हजाराला साडेचारशेने भागा. साडेचार वर्षं! बेचाळिशीतला पिचर निव्वळ कमनशिबी होता की खरंच संपला होता, हे या मार्गाने तो सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचा झाल्यावर कळेल. तोवर करार संपलेला असतो, खांदाही.

खांद्यावरून आठवलं. या माणसांचं शरीर काय सोसतं त्याचे आकडे ऐकून मला अजून झिणझिण्या येतात. चेंडू सोडायच्या क्षणी पिचरचा दंड खांद्यात सेकंदाला सात हजार अंशांच्या आसपास फिरतो. तो काही पूर्ण गिरकी घेत नाही; काही शतांश सेकंद तेवढा वेग असतो. पण घेतली असती तर मिनिटाला अकराशेहून जास्त फेरे झाले असते, घरातल्या छताच्या पंख्याच्या तिप्पट. प्रयोगशाळेत मोजलं तर प्रत्येक वेगवान चेंडूला कोपरावर सुमारे ६४ न्यूटन-मीटर पीळ पडतो. हा पीळ झेलणारा कोपरातला अस्थिबंध मृतदेहांत तपासला, तर तो साधारण त्याच्या निम्म्यातच तुटतो. राहिलेला भार आजूबाजूचे स्नायू उचलतात म्हणून हात जागेवर राहतो. व्हरलँडरने नियमित मोसमांतच ३,५०० हून जास्त इनिंग टाकल्यात. इनिंगमागे सोळा चेंडू धरले तर पन्नास हजारांच्या कितीतरी पुढे गेला. २०२० मध्ये, ३७व्या वर्षी, त्याचा हा अस्थिबंध अखेर गेला. १९७४ मध्ये फ्रँक जोब या डॉक्टरांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर पहिल्यांदा केली, तीच शस्त्रक्रिया त्याच्यावर झाली. त्या टॉमी जॉनने नंतर आणखी १६४ सामने जिंकले, ४६ वर्षांचा होईपर्यंत.

आणि वेग? चेंडू ताशी ९५ मैलांनी, म्हणजे १५३ किलोमीटरनी सुटला, तर बॅटरपर्यंत पोचायला ०.४ सेकंद. तेवढ्यात तो सोळा-सतरा वेळा स्वतःभोवती फिरतो. वेग एका मैलाने कमी झाला तर चेंडू चार हजारांश सेकंद उशिरा येतो. ऐकायला काहीच नाही. पण त्या चार हजारांशात चेंडू सोळा सेंटिमीटर कापतो आणि त्याची स्वतःची जाडी साडेसात सेंटिमीटरच्या आत आहे. म्हणजे बॅट जिथे येणार तिथून चेंडू दोन चेंडूभर मागे. वर्षाला अर्धा मैल गमावणारा पिचर कुठे चाललाय, ते यावरून समजावं.

व्हरलँडरच्या बाबतीत नेमका हाच आकडा फसवतो. पंधरा वर्षांपूर्वी त्याचा वेगवान चेंडू ९५ मैलांचा होता, २०२५ मध्ये सुमारे ९४ चा. बेचाळिशीत एवढंच गमावलं असेल तर पेढे वाटावेत. पण मधल्या काळात बाकीचे पिचर कुठे पोचले? २००८ च्या सुमारास सगळ्यांची मिळून सरासरी ९२ च्या आसपास होती. आज ती ९४ च्या वर सरकली आहे. तो जवळजवळ जागेवरच उभा आहे, आणि तरी तीन मैलांची आघाडी गेली.

वयाचा बागुलबुवा मात्र करू नये. जेमी मॉयरने २०१२ मध्ये ४९व्या वर्षी सामना जिंकला तो ऐंशीच्या खालच्या वेगावर. सॅचेल पेजने १९६५ मध्ये ५९ व्या वर्षी कॅन्सस सिटीकडून तीन इनिंग टाकल्या. एक हिट दिली, रन एकही नाही.

शिवाय व्हरलँडरचा मर्तिकाचा लेख आधी दोनदा लिहून झालाय. २०१४ मध्ये, अवघ्या ३१व्या वर्षी, त्याचा ईआरए ४.५४ झाला. हंगामापूर्वी पोटाच्या स्नायूंची शस्त्रक्रिया झाली होती. स्ट्राइकआउटही ढासळले होते. त्याच्या तेव्हाच्या संघाने, डेट्रॉइटने, मोठ्या कराराचा पांढरा हत्ती पोसलाय असं लोक म्हणायला लागले. २०१६ मध्ये त्याने २५४ स्ट्राइकआउट काढले. पुढच्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रात्री, मुदत संपता संपता, तो ह्यूस्टनला गेला आणि नियमित मोसमातले उरलेले पाच सामने टाकून पाचही जिंकला, ईआरए १.०६. २०१९ मध्ये ३०० स्ट्राइकआउट. मग कोपर गेलं, जवळजवळ दोन मोसम वाया गेले, पुन्हा लेख लिहिले गेले. २०२२ मध्ये, ३९व्या वर्षी, १८ विजय, ४ पराभव, ईआरए १.७५, साय यंग पुरस्कार एकमताने. त्यामुळे तिसरा लेख लिहायला कुणाचा हात धजत नाही, तर नवल काय?

मग मी कशाकडे बघतो? स्ट्राइकआउटच्या टक्केवारीकडे. त्यात क्षेत्ररक्षक नाही, मैदान नाही, दोन हात डावी-उजवी नाही. बॅटर चुकला की नाही, एवढंच. हा आकडा सत्तरेक बॅटरमध्ये, म्हणजे तीन सामन्यांत बोलू लागतो. साडेचार वर्षं थांबावं लागत नाही. व्हरलँडरचा २०१९ मध्ये ३५ टक्के होता, २०२२ मध्ये २८, २०२४ मध्ये १९, २०२५ मध्ये २१. सगळ्या पिचरांची मिळून सरासरी आज बावीसच्या आसपास आहे. म्हणजे याबाबतीत तो आता सामान्याहून किंचित खाली. यात नशीब नाही. पण हा आकडा फक्त आजचं सांगतो, कारण सांगत नाही. २०१४ मध्येही तो अठरावर आला होता आणि दोन वर्षांनी अठ्ठावीस झाला. फरक इतकाच की तेव्हा दुरुस्त करण्यासारखं काहीतरी बिघडलं होतं आणि दुरुस्तीला वय बाकी होतं.

एक्क्याचं दुसरं काम म्हणजे ओझं उचलणं. मोसमात २०० इनिंग टाकण्याचा पराक्रम व्हरलँडरने बारा वेळा केलाय. आता संघच कुणाला एवढं टाकू देत नाहीत. २०२४ मध्ये तीसही संघांत मिळून चार पिचर तिथवर पोचले. २०२५ मध्ये त्याच्या १५२ झाल्या. बेचाळिशीत आणि आजच्या काळात हे वाईट नाही, चांगलंच आहे. माझ्या लेखी तो आता हुकमाचा एक्का नाही, हुकमाची दश्शी आहे. दश्शीही हात मारते, फक्त समोर काय पडलंय ते बघून टाकावी लागते.

त्याला स्वतःला ३०० विजयांवर जायचंय आणि हे त्याने कधी लपवलेलं नाही. हा टप्पा शेवटी गाठला रँडी जॉन्सनने, २००९ मध्ये. २०२५ चा मोसम ४ विजय आणि ११ पराभवांवर संपला, एकूण विजय २६६ झाले, उरले ३४. वर्षाला चार या गतीने साडेआठ वर्षं लागतील आणि तो एक्कावन्नचा होईल. २०२३ मध्ये त्याने तेरा जिंकले होते. त्या गतीने तिसऱ्याच वर्षी, पंचेचाळिशीत. आणि हे सगळं मोजायचं त्याच विजयांच्या रकान्यात, ज्याने चाळीस वर्षांच्या नोलन रायनला ८-१६ ठरवलं होतं.