सदा भुकेले पिल्लू : आहार व जंतनाशन

शेतावरील वस्तीच्या राखणीसाठी किंवा धनगराच्या वाड्यावर मेंढरांच्या रक्षणासाठी कुत्रा पाळण्याची चाल फार जुनी आहे. पिल्लू घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत ‘किती घातले तरी याची भूक भागत नाही’ अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. मग त्याच्यापुढे आणखी भाकरी टाकली जाते. पोट टम्म फुगते; बरगड्या मात्र उघड्याच राहतात. अशा पिल्लाला बहुधा अधिक अन्नापेक्षा योग्य अन्नाची आणि जंतांवरील औषधाची गरज असते. हेच जंत घरातील मुलांनाही बाधतात, म्हणून या तक्रारीची वेळीच दखल घेणे इष्ट होय.

भुकेची पारख

वाढत्या पिल्लाला, वजनाच्या मानाने, मोठ्या कुत्र्याच्या सुमारे दुप्पट अन्न लागते. पण त्याचे पोट लहान असते. त्यामुळे ते वारंवार खावयास मागते, यात वावगे काही नाही. निरोगी पिल्लूदेखील रिकामे भांडे चाटीत बसते. म्हणून किती घालावे हे पिल्लाच्या हावेवरून न ठरविता त्याच्या अंगावरून ठरवावे. हलक्या हाताने चाचपल्यास बरगड्या लागाव्यात, परंतु दुरून मोजता येऊ नयेत. आठवड्यातून एकदा पाटीत बसवून पिल्लाचे वजन करावे. वजन नियमित वाढत असल्यास काळजीचे कारण नाही.

आहार कसा असावा

नुसत्या भाकरीने पोट भरते, पण अंग भरत नाही. हाडामासाच्या वाढीसाठी प्रथिने आवश्यक असतात. भाकरी किंवा भात यांत शिजवून घोटलेले वरण, उकडलेले अंडे अथवा शिजवलेल्या मांसाचे बारीक तुकडे मिसळावेत. तीन-चार आठवड्यांच्या वयापासून असे मऊ अन्न थोडे थोडे सुरू करावे. दूध एकाएकी फार पाजल्यास हगवण लागते. ते बेताने द्यावे.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून 4 वेळा, सहा महिन्यांपर्यंत 3 वेळा व त्यानंतर 2 वेळा ठरावीक वेळी खावयास घालावे. एका वेतातील पिल्ले एकत्र असल्यास दांडगे पिल्लू दुबळ्याचा वाटा खाते. म्हणून भांडी वेगवेगळी ठेवावीत. स्वच्छ पाणी नेहमी जवळ असावे. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट कुत्र्यास विषारी ठरतात. शिजलेली हाडे फुटून त्यांच्या अणकुचीदार कपच्या आतड्यात रुततात. तीही देऊ नयेत.

जंत झाल्याची लक्षणे

फुगलेले पोट, राठ केस, अधूनमधून हगवण आणि विष्ठेत किंवा वांतीत शेवयांसारखे पांढरे जंत दिसणे, ही गोल जंतांची लक्षणे होत. हिरड्या फिकट पडल्यास रक्त पिणाऱ्या अंकुशकृमींची शंका घ्यावी. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात, तर दोन्ही प्रकारचे जंत तिच्या दुधातूनही येऊ शकतात. त्यामुळे स्वच्छ घरात जन्मलेले पिल्लूही जंतमुक्त असेल असे धरून चालू नये.

पिल्लू दोन आठवड्यांचे झाल्यावर जंतनाशकाची पहिली मात्रा द्यावी. पुढे तीन महिन्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी व सहा महिन्यांपर्यंत दरमहा औषध द्यावे. आईलाही त्याच वेळी औषध पाजावे. मात्रा वजनावर अवलंबून असते. ती पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्यावी, अंदाजाने देऊ नये. औषध देऊनही पिल्लू खंगत राहिल्यास त्याला विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

मुलांचे रक्षण

गोल जंतांची अंडी विष्ठेवाटे अंगणात पडतात. ताज्या विष्ठेतील अंडी लगेच बाधत नाहीत. काही आठवडे मातीत राहिल्यावर ती बाधक होतात व पुढे वर्षानुवर्षे टिकतात. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेल्यास त्यांतील अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यातही शिरतात; डोळ्यात शिरल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो. यास्तव विष्ठा रोज उचलून विहिरीपासून व भाजीच्या वाफ्यांपासून दूर खोल पुरावी. मुलांना जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय लावावी.

शेळ्यामेंढ्यांच्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेले फोड आढळल्यास तो भाग कुत्र्यापुढे कधीही टाकू नये. त्यातून कुत्र्याला होणाऱ्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळे माणसाच्या यकृतात व फुप्फुसात तसेच फोड होतात.

पिल्लू तीन महिन्यांचे होताच त्यास रेबीजची लस टोचून घ्यावी व वर्षाने ती पुन्हा द्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात जनावरांच्या लसीकरणाचा दिवस ठरविताना पिल्ले आणण्याचीही सूचना द्यावी. म्हणजे वजन, जंतनाशन आणि लस यांची एकत्र व्यवस्था लावता येईल.