आधी घर, मग जहाज: कुटुंबासाठी क्रूझची निवड

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरातून सर्वांत जवळचा समुद्र गाठायचा झाला, तरी साधारण साडेतीनशे किलोमीटरचे अंतर कापावे लागते. तरीही दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीचा बेत आखणाऱ्या शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबांसमोर केरळ, काश्मीर आणि गोव्याच्या जोडीने आता क्रूझ हाही एक पर्याय येऊ लागला आहे. या पर्यायाची चौकशी करताना पहिला प्रश्न बहुधा जहाज किती मोठे आणि तिकीट किती रुपयांचे असा असतो. प्रत्यक्षात सहल सुखाची होणार की नाही, हे या दोन्हींपेक्षा घरातून कोण कोण निघणार आहे यावर अधिक अवलंबून असते, आणि म्हणून जहाजाच्या निवडीची सुरुवात माहितीपत्रकापासून न करता घरातील माणसांच्या यादीपासून करणे हेच शहाणपणाचे ठरते.

क्रूझ म्हणजे असा जलप्रवास, ज्यात एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचण्यापेक्षा जहाजावरचा मुक्काम हाच मुख्य हेतू असतो. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून एकेकाळी विलायतेला जाणाऱ्या बोटी किंवा भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या आगबोटी या गरजेच्या वाहतुकीसाठी होत्या. आज त्याच बॅलार्ड पिअर परिसरातून सुटणारे क्रूझ जहाज मात्र चालते-फिरते हॉटेल असते, आणि केबिन, दोन्ही वेळचे जेवण, नाश्ता व बहुतेक करमणूक यांचे पैसे तिकिटातच धरलेले असतात. हेतूनुसार जहाज निवडण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. मराठ्यांच्या आरमारात तोफा वाहणारी गुराब, वल्ह्यांवर चपळाईने धावणारे गलबत आणि मालाची ने-आण करणारे शिबाड यांची कामे वेगवेगळी होती, आणि यांपैकी सर्वांत चांगले कोणते हा प्रश्न कामाचा संदर्भ सोडून विचारला, तर त्याला अर्थ उरत नसे.

जहाजांचे चार प्रकार

कौटुंबिक सहलीच्या दृष्टीने जहाजांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात. पहिला प्रकार महाकाय जहाजांचा. त्यांवर तीन हजारांहून अधिक प्रवासी असतात, आणि पाण्याच्या घसरगुंड्या, अनेक पोहण्याचे तलाव, नाट्यगृहे आणि मुलांसाठी वयोगटानुसार वेगळे कक्ष अशी सारी व्यवस्था असते. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून प्रवासी सेवा सुरू केलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे या प्रकाराचे टोकाचे उदाहरण असून त्याची लांबी सुमारे ३६५ मीटर आहे. भारतीय कुटुंबांना अशा प्रकारची जहाजे सिंगापूरहून आणि हिवाळ्यात दुबईहून सोयीची पडतात.

दुसरा प्रकार मध्यम आकाराच्या जहाजांचा, आणि मुंबईहून सुटणाऱ्या देशांतर्गत क्रूझचा अनुभव मुख्यतः याच प्रकारचा आहे. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेस या कंपनीने ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीप अशा मार्गांवर चालवले. हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेले असून पूर्वी ते रॉयल कॅरिबियन या अमेरिकन कंपनीकडे होते. अशा जहाजावर तलाव, रंगमंचावरील कार्यक्रम, मुलांचा कक्ष आणि तीन-चार भोजनगृहे असतात. मात्र महाकाय जहाजावरील खेळांची रेलचेल येथे नसते.

तिसरा प्रकार नदीतील आणि खाडीतील नौकांचा. समुद्राच्या लाटा नसल्यामुळे ही सफर संथ असते, किनारा सतत नजरेसमोर राहतो आणि बोट लागण्याची भीती जवळजवळ नसते. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून निघालेल्या ‘गंगाविलास’ने दिब्रुगडपर्यंतचे सुमारे ३,२०० किलोमीटर अंतर ५१ दिवसांत पार करण्याचा कार्यक्रम आखला होता, परंतु अवघ्या ३६ प्रवाशांसाठी बांधलेली ही नौका निवांत वेळ आणि भरपूर पैसा असलेल्या प्रौढांसाठी आहे, शाळकरी मुलांच्या कुटुंबासाठी नव्हे. अशा कुटुंबाला याच प्रकारातील परवडणारा अनुभव केरळमधील अलप्पुळा येथील हाउसबोटीवर मिळतो. तेथे एका घरासाठी अख्खी नौका भाड्याने घेता येते आणि स्वयंपाकही आपल्या आवडीप्रमाणे करून मिळतो.

चौथा प्रकार प्रवासी वाहतुकीच्या जहाजांचा, ज्यांचा उपयोग पर्यटनासाठीही होतो. कोचीहून लक्षद्वीपला जाणारे ‘एम. व्ही. कवरत्ती’ हे त्यातले ठळक नाव. तेथे बेटांचे आकर्षण मोठे असले, तरी जहाजावरील करमणूक बेताचीच असते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारींसह प्रवासी नेणारी रो-रो बोट, जी मार्च २०२० मध्ये सुरू झाली, ती क्रूझ नव्हे. पण ज्या घरात कोणीच कधी समुद्रात गेलेले नाही, त्या घराने तिच्यावरून साधारण तासाभराची फेरी आधी करून पाहिली, तर कोणाला समुद्र मानवतो आणि कोणाला नाही, याचा थोडाफार अंदाज फारसा खर्च न करता येतो.

टनाचा आकडा काय सांगतो

जहाजाच्या वर्णनात ‘ग्रॉस टनेज’ हा आकडा हमखास दिलेला असतो आणि बहुतेक वाचक तो जहाजाचे वजन समजतात. प्रत्यक्षात हा आकडा जहाजाच्या आतील एकूण बंदिस्त जागेवरून, म्हणजे घनफळावरून काढलेला असतो. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागले, की दर प्रवाशामागे किती जागा आहे याचा अंदाज मिळतो, आणि गर्दी जाणवेल की नाही हे ठरवण्यासाठी हा भागाकार जहाजाच्या नुसत्या लांबीपेक्षा अधिक उपयोगी पडतो. ‘एम्प्रेस’चे टनेज सुमारे ४८,५०० आणि प्रवाशांची कमाल क्षमता सुमारे १,८४० असल्यामुळे हे प्रमाण २६च्या आसपास येते, ‘आयकॉन’चे टनेज सुमारे २,४८,६०० आणि कमाल क्षमता सुमारे ७,६०० असल्यामुळे तेच प्रमाण ३३च्या जवळ जाते. म्हणजे महाकाय जहाजावर माणसे चौपटीहून जास्त असूनही दर माणशी जागा अधिक आहे. मात्र जेवणासाठी किंवा खेळासाठी चालावे लागणारे अंतर आणि लिफ्टसमोरची रांगही त्याच हिशेबाने वाढते, ही गोष्ट गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांच्या बाबतीत विसरता येत नाही.

घरातील माणसांची यादी

यादीत पहिला विचार तान्ह्या बाळाचा करावा लागतो, कारण बहुतेक क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला जहाजावर घेत नाहीत आणि लांबच्या सागरी मार्गांवर ही अट एक वर्षाची असते. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत चोविसावा आठवडा ही सर्वसाधारण मर्यादा असून त्याआधीही डॉक्टरांचे पत्र मागितले जाते. मुलांच्या कक्षात बहुधा तीन वर्षे पूर्ण झालेल्या आणि डायपर सुटलेल्या मुलांनाच आई-वडिलांशिवाय राहता येते. त्यामुळे दोन वर्षांच्या मुलाचे पालक ‘मुलांना तिथे सोडू आणि आपण कार्यक्रम पाहू’ अशा समजुतीने गेले, तर त्यांची निराशा ठरलेली असते.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना मध्यम जहाज दोन-तीन रात्रींसाठी पुरेसे होते. त्यापुढच्या किशोरवयीन मुलांना मात्र तेवढ्यात कंटाळा येतो, आणि अशा घराला पैसे साठवून, वर्षभर थांबून महाकाय जहाज घेणे अधिक फलदायी ठरते. वृद्धांच्या बाबतीत जहाज बंदराच्या धक्क्याला लागते की समुद्रात नांगर टाकून उभे राहते, हे विचारणे सर्वांत महत्त्वाचे आहे. गोव्यात मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागते आणि वृद्ध माणूस पुलावरून चालत उतरतो. लक्षद्वीपमध्ये मात्र मोठे जहाज खोल पाण्यात थांबते आणि हलत्या जहाजातून हलत्या लहान नौकेत पाय टाकून किनाऱ्यावर जावे लागते. ज्यांना रिक्षात चढताना आधार लागतो, त्यांना हे जमणारे नसते, आणि बेटापर्यंत जाऊनही त्यांना जहाजावरच बसून राहावे लागते.

जेवणाचा प्रश्नही कुटुंबागणिक बदलतो. भारतातून सुटणाऱ्या जहाजांवर शाकाहारी व जैन जेवण सहज मिळते. परदेशी जहाजांवरही त्याची सोय वाढत चालली आहे. मात्र तेथे कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी, मधुमेहींनी आणि चतुर्थी-एकादशीचा उपवास कडक पाळणाऱ्यांनी आपली गरज तिकीट काढतानाच लेखी कळवावी.

केबिन आणि बोट लागणे

केबिनचे चार दर्जे असतात: खिडकी नसलेली आतली, बंद काचेची खिडकी असलेली, सज्जा असलेली आणि प्रशस्त सूट. जुन्या मध्यम जहाजावरची आतली केबिन शंभर-सव्वाशे चौरस फुटांची, म्हणजे फ्लॅटमधल्या लहानशा खोलीएवढी असते. तिसऱ्या व चौथ्या माणसाचा पलंग रेल्वेच्या वरच्या बर्थसारखा भिंतीतून उघडतो, आणि दोन बॅगा उघडून ठेवल्या की चालायला जागा उरत नाही. चार जणांच्या घराने म्हणून एका सूटपेक्षा मधल्या दाराने जोडलेल्या दोन साध्या केबिनांच्या दराची चौकशी आधी करावी, कारण त्यात दोन न्हाणीघरे मिळतात.

कन्नडच्या औट्रम घाटात किंवा कसाऱ्याला ज्यांना गाडी लागते, त्यांना बोटही लागू शकते. याचे कारण असे, की डोळ्यांना केबिन स्थिर दिसते, कानातील तोल सांभाळणारी इंद्रिये मात्र हालचाल नोंदवत असतात आणि या विसंगतीने मेंदू गोंधळतो. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखी स्थिरकारी पाती असतात आणि ती जहाजाचे डावी-उजवीकडे कलणे बरेच कमी करतात. तरीही पुढच्या व मागच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर हालचाल अधिक जाणवते. म्हणून अशा प्रवाशासाठी खालच्या मजल्यावरची, लांबीच्या मध्यावरची केबिन मागावी आणि औषध डॉक्टरांना विचारून त्रास सुरू होण्यापूर्वीच घ्यावे.

हंगाम, सुरक्षितता आणि हिशेब

अरबी समुद्र पावसाळ्यात खवळलेला असतो, म्हणून पश्चिम किनाऱ्यावरच्या क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत धरला जातो आणि त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कुटुंबासाठी उत्तम असतो. जुन्या पिढीच्या मनातील बोटीची भीती निराधार नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट ऐन पावसाळ्यात बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली होती. आज आंतरराष्ट्रीय प्रवासी जहाजांना ‘सोलास’ या कराराचे नियम लागू असतात. टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये या कराराचा पहिला मसुदा तयार झाला, आणि जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडल्यानंतर जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच प्रवाशांची आपत्कालीन कवायत घेणे बंधनकारक करण्यात आले. ही कवायत टाळू नये, आणि लहान मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे केबिनमध्ये आहेत की मागवावी लागतात, हे त्याच वेळी विचारून घ्यावे.

जाहिरातीतील तिकीट हा पूर्ण खर्च नसतो. बंदर शुल्क, जीएसटी, सेवकांची बक्षिशी, इंटरनेट, शीतपेये आणि किनाऱ्यावरील सहली बहुधा वेगळ्या आकारल्या जातात. रद्द करण्याच्या अटीही नीट वाचाव्यात, कारण या व्यवसायात चढउतार मोठे आहेत: ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेली मुंबई-गोवा मार्गावरची ‘आंग्रिया’ आणि २०१९ मध्ये आलेली जलेश कंपनीची ‘कर्णिका’ या दोन्ही सेवा करोनाच्या काळात थांबल्या.

गारखेड्याहून निघताना

मराठवाड्यातील कुटुंबाला जहाजाइतकाच जहाजापर्यंतचा प्रवास महत्त्वाचा आहे, कारण चढण्याची वेळ जहाज सुटण्याच्या काही तास आधी संपते आणि उशिरा आलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले, तर तेथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत पूर्ण झाल्याने मोटारीचा प्रवासही सुकर झाला आहे. पण मुंबईतील वाहतुकीचा भरवसा नसल्याने मोटारीने जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी पोहोचणे बरे. सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलमुळे तपासणीची जागा प्रशस्त झाली आहे. सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझसाठी विमानभाडे, पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत आणि जहाज परदेशी बंदरांवरून पुन्हा त्याच देशात परतत असल्याने अनेकवार प्रवेशाचा व्हिसा, या तिन्ही गोष्टी तिकिटाआधी तपासाव्या लागतात.

या सर्वांचा निष्कर्ष असा, की पहिल्यांदाच समुद्रावर जाणाऱ्या, आजी-आजोबा आणि शाळकरी मुले एकत्र असलेल्या घराने मुंबईहून हिवाळ्यात सुटणारे, धक्क्याला लागणारे आणि दोन-तीन रात्रींत परतणारे मध्यम जहाज निवडावे. मुले किशोरवयीन असतील, तर महाकाय जहाज. आणि घरात तान्हे बाळ किंवा बोट लागणारी माणसे अधिक असतील, तर केरळची हाउसबोट घ्यावी आणि समुद्र पुढच्या एखाद्या वर्षासाठी राखून ठेवावा.