शिबिराला निघालेली नातवंडे

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की निवासी शिबिरांची पत्रके घरोघरी येऊ लागतात. आई-वडील नोकरीत गुंतलेले असल्यामुळे नावनोंदणीपासून पिशवी भरण्यापर्यंतची कामे पुष्कळदा आजी-आजोबांकडे येतात. टोपी, पाण्याची बाटली, तापाच्या गोळ्या यांची यादी आपण काटेकोरपणे करतो. रात्री मुलांच्या खोलीत कोण झोपणार, हे विचारायला मात्र संकोचतो. इतक्या नावाजलेल्या मंडळींवर संशय कसा घ्यावा, असे वाटते.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले होते. त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित अधिक होते, आणि छळ करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. तेव्हा ‘मुलगाच तर आहे’ हे समाधान खोटे, आणि ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ ही शिकवण अपुरी. शिबिरातला दादा दुसऱ्याच दिवशी ओळखीचा झालेला असतो.

संयोजकांना एक प्रश्न अवश्य विचारावा: आमचे मूल कोणत्याही वेळी एकाच प्रौढाबरोबर बंद खोलीत, तंबूत किंवा वाहनात एकटे असेल का? अमेरिकेतील बॉय स्काउट्स संघटनेने २०२० साली दिवाळखोरी जाहीर केल्यावर तिच्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराचे ८२ हजारांहून अधिक दावे दाखल झाले. एका प्रौढाने एका मुलासोबत एकांतात राहू नये, हा नियम आज तिथे आहे. चांगला संयोजक अशा प्रश्नाने रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडे मूल न पाठवलेले बरे. अंघोळीची आणि कपडे बदलण्याची सोयही विचारावी. फोनबंदी असली, तरी मुलाला हवे तेव्हा घरी बोलता येईल ना, याची खात्री करून घ्यावी.

परतल्यावर मूल बहुधा सरळ सांगत नाही. तपासण्यांत काहीच न सापडणारी पोटदुखी, पुन्हा सुरू झालेले अंथरुणात लघवी करणे, दचकून उठणे, एखाद्या व्यक्तीचे नाव निघताच गप्प होणे अशी लक्षणे दिसू शकतात. त्यांची कारणे इतरही असतात, म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. पण ‘नाटके करतो’ म्हणून ती झटकूही नयेत.

मुलाने सांगितलेच, तर ‘तेव्हाच का ओरडला नाहीस?’ हे शब्द ओठांवर येऊ देऊ नयेत. ‘सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझी काही चूक नाही,’ एवढे पुरे. उलटतपासणी नको. प्रकार ताजा असेल, तर अंघोळ न घालता, त्या वेळचे कपडे न धुता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. एचआयव्ही टाळण्याची औषधे लागली, तर ती ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. पोलिसांत तक्रार नोंदलेली नसली, तरी वैद्यकीय तपासणी करता येते.

अब्रूच्या भीतीने घरातली वडीलधारी माणसेच ‘झाकून टाका’ म्हणतात, हे मी पाहत आलो आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. डॉक्टरलाही त्यातून सूट नाही. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मदत मिळते. मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे. मुलाचा जबाब घरीही घेता येतो. घेणारा पोलीस अधिकारी गणवेशात नसतो, आणि आई-वडील किंवा मुलाचा जिच्यावर विश्वास आहे अशी व्यक्ती, म्हणजे आजीसुद्धा, त्या वेळी शेजारी बसू शकते.