पानगळीचे रंग भिंतीवर लावताय? प्रिंटआधी हे तपासा

ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील ब्लू रिज पार्कवेच्या दोन्ही बाजूंचे डोंगर लाल, केशरी, पिवळे होतात. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतून जाणारा हा रस्ता सुमारे ७५५ किलोमीटर लांब आहे. १९३५ मध्ये सुरू झालेले त्याचे काम १९८७ मध्ये पूर्ण झाले. तिथे काढलेला फोटो दिवाणखान्यात लावायचा असेल, तर काही गोष्टी आधी पाहाव्या लागतात.

रंग कशामुळे बदलतात?
दिवस लहान आणि रात्री थंड झाल्या, की पानांतील हरितद्रव्य घटते. त्यामागे दडलेला पिवळा-केशरी रंग दिसू लागतो. लाल रंग मात्र याच काळात पानात नव्याने तयार होतो. उंचावर थंडी लवकर पडते, म्हणून रंग आधी शिखरांवर दिसतात, मग खाली उतरतात.

फोटो किती मोठा छापता येतो?
मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयने छापल्यास सुमारे १३ बाय १० इंचांची स्पष्ट प्रिंट निघते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोचा दर्जा घटतो. त्यामुळे मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. फोटो दुसऱ्याचा असेल, तर छापण्याआधी परवानगी घ्या.

प्रिंट फिकी का पडते?
उन्हातील अतिनील किरणांमुळे शाईचा रंग उडतो. डाय शाईपेक्षा पिगमेंट शाई साधारणपणे जास्त टिकते. ऑर्डर देताना कोणती शाई वापरणार, हे विचारून घ्या. थेट ऊन पडणारी आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा.