गंज आतून येतो

इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी ही स्पोर्ट्स कार बनली. तिला वेगळी चॅसी नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. उघड्या मॉडेलला छप्पराचाही आधार नसतो, त्यामुळे भिस्त दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर. तिथे पाणी-चिखल साचला की गंज आतून पोखरतो, बाहेरचा रंग मात्र चकचकीतच राहतो. म्हणून जाणकार मालक आधी दारांच्या फटी पाहतात: वरची फट अरुंद झाली, तर गाडी मधोमध खचत असण्याची शक्यता मोठी. पट्टी कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवा आधार जोडायलाच हवा, नाहीतर बॉडी कायमची वाकडी बसते. एसयू कार्ब्युरेटरचं काम त्यामानाने सोपं. पिस्टनवरच्या नळीत थोडं तेल घालायचं; ते संपलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिन अडखळतं. एवढं सांभाळलं, की छप्पर दुमडून निघावं. जमिनीलगत बसल्यामुळे ताशी ६० किलोमीटरचा वेगही भन्नाट वाटतो.