लाल की हिरवी?

न्यू मेक्सिको या अमेरिकी राज्याला जसे अधिकृत फूल आणि अधिकृत पक्षी आहेत, तसा एक अधिकृत प्रश्नही आहे: लाल की हिरवी? हा प्रश्न असतो मिरचीच्या सॉसचा, आणि विचारतो वेटर. दोन्ही हवे असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचे. इथल्या जुन्या पद्धतीच्या एन्चिलाडाची गुंडाळी करत नाहीत. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचे टोर्टिया (पातळ भाकऱ्या) सॉसमध्ये बुडवून, मध्ये चीज-कांदा पेरून एकावर एक रचतात आणि वर बहुधा तळलेले अंडे ठेवतात. लाल सॉससाठी सुक्या मिरच्या भिजवून वाटायच्या, हिरव्यासाठी ओल्या मिरच्या आगीवर भाजून सोलायच्या. मसाल्यांची गर्दी नाही. मिरची चांगली नसेल तर लपायला जागाच नाही.

शेजारच्या टेक्सासात एन्चिलाडा मागवा, ताटात वेगळेच काही येते. इथे गुंडाळ्या असतात, वर पिवळ्या चीजचा थर, आणि चरबीत मैदा परतून केलेली तपकिरी ‘चिली ग्रेव्ही’. तिला जिऱ्याचा वास इतका, की मराठी नाकाला एकदम ओळखीचे वाटावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन अँटोनियोच्या चौकांत संध्याकाळी बायका टेबले मांडून मिरची-मांसाचा रस्सा विकत. त्यांना ‘चिली क्वीन्स’ म्हणत. त्याच सुमारास जवळच्या न्यू ब्राउनफेल्स गावात विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने मिरचीपुडीचा धंदा सुरू केला, आणि ती चव बाटलीतून दूरवर गेली. चौकातल्या बायकांना मात्र पुढे आरोग्याच्या नियमांनी हटवले.

‘हे खरे मेक्सिकन नव्हे’ असे नाक मुरडणे सोपे आहे. १९७२ साली डायना केनेडी यांनी आपल्या गाजलेल्या पाककृतींच्या पुस्तकात मेक्सिकोचे अन्न आणि सीमेच्या अमेरिकी बाजूचे अन्न यांत स्पष्ट रेघ ओढली. (बाई स्वतः जन्माने इंग्रज.) मेक्सिकोतल्या गावोगावच्या रांधणाऱ्यांकडून त्यांनी गोळा केलेले ज्ञान अफाटच आहे. पण त्या रेघेने इतिहास आखडतो. टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोत होते. कॅलिफोर्निया आणि न्यू मेक्सिको १८४८ च्या तहाने अमेरिकेकडे गेले. कित्येक घरे होती तिथेच राहिली, सरहद्द त्यांच्या दारावरून पुढे सरकली. त्या चुलींवरचे अन्न ही नक्कल कशी? ओआहाका किंवा युकातानच्या जेवणाइतकेच तेही त्या मातीचे आहे.

बरीटोचे मूळ तर मक्याच्याही बाहेरचे. मेक्सिकोच्या उत्तरेकडे, विशेषतः सोनोरात, गहू पिकतो. तिथला बरीटो सडपातळ: गव्हाच्या पातळ टोर्टियात थोडे मांस किंवा घेवडा. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात तो फुगला. त्याचा मान तिथली एल फारो ही खाणावळ १९६१ चा सांगते, दुसरी खाणावळ ला कुम्ब्रे १९६९ चा. वाद मिटलेला नाही. वाफवलेल्या मोठ्या टोर्टियात भात, घेवडा, मांस, साल्सा कोंबायचे आणि वरून अॅल्युमिनियमची फॉइल. हा बरीटो म्हणजे अख्खे जेवणच. त्यात भात कशाला, असे मला अजूनही वाटते, पण तिथे हे बोलायची सोय नाही. मिशनचे हेच बरीटो पाहून स्टीव्ह एल्स या शेफने १९९३ मध्ये डेन्व्हरला चिपोटले हे उपाहारगृह काढले.

कडक टाकोची कथा जास्त बोचरी. सॅन बर्नार्डिनोत १९३७ पासून चालणाऱ्या मित्ला कॅफेसमोर ग्लेन बेलचा हॉटडॉग-हॅम्बर्गरचा ठेला होता. मित्लाचे तळलेले टाको त्याने न्याहाळले, करून पाहिले, आणि १९६२ मध्ये डाउनीत टाको बेल उघडले. टोर्टिया आधीच घडी घालून तळण्याच्या साच्याचे पेटंट मात्र १९५० सालीच न्यूयॉर्कचे मेक्सिकन हॉटेलमालक हुवेन्सियो माल्दोनादो यांना मिळालेले होते. टाको बेलने पुढे खुद्द मेक्सिकोत दुकाने थाटून पाहिली, २००७ मध्ये मॉन्तेरेला तर फ्रेंच फ्राइजसकट. ती टिकली नाहीत. मित्ला कॅफे मात्र सॅन बर्नार्डिनोत चालूच राहिले.