पहिली अ‍ॅनिमे कोणती बघू? माझं उत्तर : 'प्लॅनेटेस'

पुंडलिकनगरातून बोलतोय. बसमध्ये, ऑफिसमध्ये ज्यांना ऐकता येत नाही त्यांच्यासाठी आजचा एपिसोड इथे लिहून टाकलाय. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, थोडंफार नीट केलंय.

मला सारखा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "दादा, अ‍ॅनिमे सुरू करायचीय, पहिली कोणती बघू?" लोक पटकन सांगतात, 'वन पीस' बघ. अरे, पण त्याचे हजाराच्या वर भाग आहेत! नवीन माणूस आकडा बघूनच पळून जातो. आणि ज्याला मारामारीत रस नाही त्याला वाटतं, हे आपल्यासाठी नाही.

तर माझं उत्तर आहे 'प्लॅनेटेस'. एकूण भाग २६. प्रत्येक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा. जपानमध्ये २००३-०४ मध्ये आली. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, माकोतो युकिमुरा यांची. 'विनलँड सागा'वाले तेच. अ‍ॅनिमे केली सनराइज स्टुडिओनं, दिग्दर्शक गोरो तानिगुची.

आता गोष्ट काय आहे? साल २०७५. माणूस चंद्रावर राहायला गेलाय, अंतराळात ये-जा रोजची झालीय. आणि आपले हीरो कोण? कचरा उचलणारे! खरंच. जुने उपग्रह, रॉकेटचे तुकडे, सुटलेले नट-बोल्ट पृथ्वीभोवती फिरतायत, ते गोळा करणारा एका मोठ्या कंपनीतला छोटासा विभाग. माणसं पुरेशी नाहीत, पैसा नाही, म्हणून बाकीचे त्याला 'हाफ सेक्शन' म्हणून चिडवतात. तानाबे नावाची नवीन मुलगी मोठी स्वप्नं घेऊन जॉइन होते आणि तिला हेच खातं मिळतं. तिचा सीनियर हाचिमाकी. त्याला स्वतःचं यान घ्यायचंय, पण सध्या तो कचरा वेचतोय. कॅम्पसमधून लागलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल!

तुम्ही म्हणाल, अंतराळातल्या कचऱ्याचं एवढं काय? तर थोडं सायन्स. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत वस्तू सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेगानं फिरतात. म्हणजे आपल्याकडून जालना आठ सेकंदांत. एवढ्या वेगात साधा स्क्रूसुद्धा गोळीपेक्षा वाईट. मालिकेत एका प्रवासी यानाच्या काचेवर असाच स्क्रू आदळतो आणि टीममधल्या युरी नावाच्या माणसाचं आयुष्य बदलून जातं. पुढचं सांगत नाही, स्वतः बघा.

आणि ही काही कल्पनेची भरारी नाही. डोनाल्ड केसलर या नासाच्या शास्त्रज्ञानं १९७८ मध्येच मांडलं होतं की कचरा एका मर्यादेपलीकडे गेला की टकरीतून तुकडे, तुकड्यांतून आणखी टकरी, अशी साखळी सुरू होईल. १० फेब्रुवारी २००९ ला इरिडियम कंपनीचा एक उपग्रह आणि रशियाचा एक बंद पडलेला उपग्रह खरोखर धडकले. मोजता येतील असे सुमारे दोन हजार तुकडे झाले. मालिका त्याच्या पाच वर्षं आधी संपली होती, बरं का!

आपल्या महाराष्ट्राचंच घ्या. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी विदर्भातल्या लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या रेषा बघितल्या, मोबाइलवर शूट केल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची मोठी रिंग पडली, जवळपास तीन मीटर व्यासाची. तज्ज्ञांच्या मते ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत. नशीब, कुणाला लागलं नाही. रॉकेट सुटताना टाळ्या वाजवणारे कुठे, आणि हे लाडबोरी कुठे!

इथेच ही मालिका माझ्यासाठी आपल्या शहराची होते. २०१८ आठवतंय ना? मी तेव्हा बीटेकला होतो. शहराचा कचरा वर्षानुवर्षं नारेगावला जात होता. त्या फेब्रुवारीत तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आता बास म्हणाले. नवीन जागा शोधायला गेले तर मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक, जाळपोळ झाली. रस्त्यारस्त्यावर ढीग साचले. नाकाला रुमाल लावून कॉलेजला जायचो आम्ही. आपण ज्याला 'शहराबाहेर' म्हणत होतो ते कुणाचं तरी गाव होतं, तिथेही माणसं राहत होती, हे तेव्हा डोक्यात शिरलं. 'प्लॅनेटेस' बघताना तेच आठवत राहतं. अंतराळ एवढं मोठं, तिथे टाकलं तर कुणाला त्रास होणार, असं सगळ्यांनाच वाटलं होतं.

आणखी एक. मी स्वतः जुन्या सॉफ्टवेअरच्या मेंटेनन्सवर काम करतो. नवीन अ‍ॅप लाँच झालं की केक कापतात. आम्ही रात्री जागून सर्व्हर पडू दिला नाही, तर कुणाला कळतही नाही. आमचं काम नीट झालं याचा पुरावा म्हणजे काहीच न घडणं! या मालिकेनं मला सांगितलं की असं काम करणाऱ्याचीही गोष्ट होऊ शकते. पहाटे घंटागाडीवर येणाऱ्या ताईंची तर आधी व्हायला पाहिजे.

अकरावा भाग मात्र चुकवू नका. एल तानिका नावाच्या काल्पनिक गरीब देशातला इंजिनिअर स्वतःच्या छोट्या कारखान्यात बनवलेला स्पेससूट विकायला मोठ्या कंपनीत येतो. आपल्या चिकलठाणा, वाळूजच्या शेडमध्ये काम केलेल्या माणसाच्या तर पोटात कालवेल. अंतराळात जायचा हक्क कुणाचा, हा प्रश्न तिथे सरळ समोर येतो.

आता बघायचं कसं? जपानी आवाज ठेवा, खाली इंग्रजी सबटायटल. अवघड गेलं तर इंग्रजी डबही आहे. पहिले पाच-सहा भाग हलकेफुलके आहेत, ऑफिसातली भांडणं वगैरे. कंटाळून सोडू नका, त्या माणसांशी ओळख झाली तरच पुढचं लागतं. उत्तरार्धात पकड घट्ट होते. मृत्यू, बॉम्बस्फोट, सिगारेटी हे सगळं आहे, त्यामुळे लहान भावंडांना सोबत बसवू नका. आणि मोबाइलवर बघत असाल तर हेडफोन लावाच. अंतराळात हवा नाही म्हणून आवाज नाही, हे या लोकांनी पाळलंय. ती शांतता ऐकण्यासारखी आहे.

तर मंडळी, या शनिवार-रविवारी तीन भाग बघा. नाही आवडली तर मला बिनधास्त शिव्या द्या. आवडली तर तुमच्या ज्या मित्राला अ‍ॅनिमे म्हणजे पोरांचं कार्टून वाटतं, त्याला पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!